आईसाठी मॅग्नेटिक ब्रेसलेट घ्यायचंय, कुठलं घेऊ आणि टिकवायचं कसं?

विश्रामबागची लेक

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितीय. आईसाठी मॅग्नेटचं ब्रेसलेट घ्यायचं डोक्यात आहे आणि दोन आठवडे झाले नुसती बघतच बसलीय, काही ठरेना. आई ६३ वर्षांची, तासगावकडं गावी असते, दोन एकर द्राक्षबाग आहे. आता छाटणीला स्वतः जात नाही पण बायकांना चहा नेणं, विरळणीला हात लावणं, बांधावरून चारदा येणं-जाणं चालूच असतं. उजवं मनगट आणि दोन्ही गुडघे धरलेत. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे बघून ते झीज आहे म्हणाले, गोळ्या आणि व्यायाम दिला. गोळ्या वेळेवर घेते, व्यायाम मात्र आठ दिवसात बंद.

गेल्या महिन्यात ती इथं आली होती तेव्हा एका प्रदर्शनात गेलो, तिथल्या स्टॉलवरच्या माणसानं तिला एका पायावर उभं केलं, हात बाजूला पसरायला सांगितला आणि वरून दाबला, तर ती लगेच कलली. मग ब्रेसलेट घालून परत दाबला तर ढिम्म हलली नाही. आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. किंमत २८०० रुपये. डब्यावर ३००० गॉस (चुंबकाच्या ताकदीचं माप) लिहिलेलं, रक्ताभिसरण सुधारतं, शुगर, बीपी, सांधे सगळ्यावर चालतं असंही छापलेलं. मी त्यादिवशी नंतर बघू म्हणून बाहेर काढलं तिला, पण आता रोज फोनवर "बघितलंस का गं ते" असतंच.

तर माझे प्रश्न असे की स्टील, टायटॅनियम, तांबं आणि ते काळे मणी येतात हेमॅटाइटचे, यातलं कुठलं चांगलं? गॉस किती बघायचे? पाण्यात, घामात, भांडी घासताना काढायचं का? बागेत औषध मारतात त्याचा परिणाम होतो का? वहिनीचं दोन वर्षांचं पोरगं दिवसभर आईच्या अंगावर असतं, ओढाओढी करतं, म्हणजे मजबूत पण पाहिजे. आणि आई हिंडती-फिरती राहायला पाहिजे हो, बाबांना गेल्या वर्षी पेसमेकर बसवलाय, त्यांचं सगळं तीच बघते.

साताऱ्याची काकू

मी चार वर्षं वापरतीय, मला बरं वाटतं. पहिलं काळ्या मण्यांचं होतं, इलॅस्टिकमधलं, ते पोवई नाक्यावर बसमधून उतरताना तुटलं आणि मणी सगळीकडं पांगले, खाली पडून निम्मे तर फुटलेच. काचेसारखे फुटतात ते, घेऊ नकोस. आता स्टीलचं आहे, फासाचं. एक सांगते, आईला म्हणावं विळीवर बसताना काढून ठेव. माझं एकदा कांदा चिरताना पात्याला खटकन जाऊन चिकटलं आणि हात ओढला गेला, थोडक्यात वाचले. स्टीलची भांडी बहुतेक ओढत नाहीत पण विळी, लोखंडी तवा, उलथनं, टाचण्यांची डबी, सगळ्याला जाऊन लागतं.

मिरज फिजिओ

ताई, बाकी सगळं नंतर, आधी शेवटचं वाक्य. बाबांना पेसमेकर आहे ना? मग हे ब्रेसलेट घरात आणायच्या आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, प्लीज.

कारण सांगतो. पेसमेकरच्या आत चुंबक ओळखणारा एक स्विच असतो. डॉक्टर तपासणीच्या वेळी मुद्दाम वर चुंबक धरतात, तेव्हा पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघणं थांबवतो आणि ठरलेल्या गतीनं ठोके द्यायला लागतो. तीच गोष्ट घरातल्या चुंबकानं नकळत होऊ नये म्हणून चुंबक छातीवरच्या त्या जागेपासून निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण सहा इंच लांब ठेवायला सांगतात. चुंबक लांब नेलं की तो परत नॉर्मलला येतो, म्हणजे लगेच घाबरून जाऊ नका. पण आई बाबांना उठवताना हात कुठं घालते? काखेत, छातीशी. सदऱ्याची बटणं लावते, बाम चोळते, रात्री शेजारी झोपते. मनगट बरोबर तिथंच जातं. आणि साधा पेसमेकर नसून शॉक देणारा आयसीडी असेल तर अजून जपायचं, कारण चुंबक जवळ असेपर्यंत त्याचं शॉक देण्याचं काम थांबू शकतं. हॉस्पिटलमधून डिव्हाइसचं कार्ड दिलेलं असतं, त्यावर कुठला आहे ते लिहिलेलं असतं.

आता दुखण्याबद्दल. माझ्याकडं रोज असे पेशंट येतात, ब्रेसलेट घालून येतात, मी कुणाला काढा म्हणून रागवत नाही. पण विचारलं तर जे माहितीय ते सांगतो. इंग्लंडमध्ये खुबा आणि गुडघ्याच्या झिजेचे १९४ लोक घेऊन झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता, खरं ब्रेसलेट, कमी ताकदीचं आणि नकली असे गट करून. खऱ्या ब्रेसलेटवाल्यांचं दुखणं थोडं कमी झालं, पण ते चुंबकानं की मनाच्या समजुतीनं हे अभ्यास करणाऱ्यांनाच ठरवता आलं नाही. कारण चुंबक घरी कळतंच, किल्ली चिकटते ना. नंतर यॉर्क विद्यापीठाच्या लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आमवाताच्या ७० पेशंटना मॅग्नेटचा पट्टा, तसाच कमी ताकदीचा पट्टा, चुंबकत्व काढलेला नकली पट्टा आणि तांब्याचं कडं आलटून पालटून पाच पाच आठवडे घालायला दिलं. दुखणं, सूज, आजाराचा जोर, कशातच खऱ्या-खोट्यात फरक दिसला नाही. "रक्तात लोह असतं म्हणून चुंबक रक्त ओढतं" हेही तसं नाही, हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला ओढलं जात नाही. एमआरआयचं मशीन १.५ टेस्ला म्हणजे १५००० गॉसचं असतं, त्यात माणूस अर्धा तास झोपतो आणि रक्त एका बाजूला गोळा होत नाही.

गुडघ्याच्या झिजेला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूच्या व्यायामाचा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा, दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. आठ दिवसात फरक दिसत नाही म्हणूनच लोक सोडतात, निदान सहा ते आठ आठवडे द्यायला लागतात. सिरीयल बघताना करू दे, वेगळा वेळ काढायला सांगू नका, तो कधी निघत नाही.

कुपवाड क्यूसी

गॉसचं मी सांगतो. आमच्याकडं फोर्जिंगच्या पार्टला क्रॅक आहे का बघायला पार्ट मॅग्नेटाइज करतात, मग डीमॅग करतात म्हणजे ते चुंबकत्व काढतात, आणि किती मॅग्नेटिझम राहिलं ते बघायला गॉसमीटर असतो. माझ्या बहिणीनं असंच एक ब्रेसलेट घेतलेलं, तिच्याही डब्यावर ३००० होतं, मी जेवणाच्या सुट्टीत मीटर लावून बघितला. चुंबकाच्या बरोबर वर टेकवला तर २१०० च्या आसपास, एवढा पण वाईट नाही. पण एक सेंटीमीटर लांब धरला की ५० च्या घरात, दोन सेंटीमीटरला आठ-नऊ, आणि पाच सेंटीमीटरला गेलं की पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व जे असतं अर्ध्या गॉसच्या आत-बाहेर, त्यात हे मिसळून जातं, वेगळं ओळखूच येत नाही. म्हणजे मनगटातलं ब्रेसलेट गुडघ्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, मनगटाच्या हाडांपर्यंतच जेमतेम. डब्यावरचा आकडा बघून पैसे देऊ नका, काही जण चुंबक ज्या मटेरियलचं बनलंय त्याचा आकडा टाकतात, तो १०-१२ हजारपण असतो, त्याचा कातडीवर काय येतं त्याच्याशी थेट संबंध नाही.

फिजिओदादांचं १५ सेंटीमीटरचं पण यातून कळतं बघा. पेसमेकर साधारण १० गॉसपर्यंतचं सहन करतील असे बनवलेले असतात, त्याच्यावर गेलं तर आतला स्विच लागू शकतो. एक चुंबक दोन सेंटीमीटरवर आठ देतंय, आणि ब्रेसलेटात अशी पंधरा-वीस असतात, म्हणून तेवढं अंतर ठेवायचं.

आणि तो एका पायावर उभं करायचा प्रकार. तो मी आमच्या कॉलनीत बघितलाय, घरी करून पण बघितलाय. पहिल्या वेळी हात किंचित बाहेरच्या बाजूला दाबतात, दुसऱ्या वेळी शरीराकडं, तोल राहणारच. शिवाय पहिल्यांदा माणूस बेसावध असतो, दुसऱ्यांदा अंग धरून उभा राहतो. तुमच्या आईला तुम्हीच करून दाखवा, ब्रेसलेटच्या जागी रबरबँड घाला, तेच होईल. आईला फसवल्यासारखं वाटू नये असं सांगा मात्र, त्यांचा काही दोष नाही यात.

शुगर-बीपी बरं होतं असं छापणं तर कायद्यातच बसत नाही, १९५४ चा औषधी आणि जादूई उपचार जाहिरातींचा कायदा आहे, त्यात मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करायलाच बंदी आहे. ज्या डब्यावर तसं लिहिलंय तो डबा मी तरी घरात आणणार नाही.

विटा गलाईवाला

आमचं तीन पिढ्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, चुलते कोईमतूरला, मी आता परत विट्यात. चुंबक आमचा विषय नाय पण धातू आहे, म्हणून लिहितो.

ताई पहिली गोष्ट, आईंना खोटे कानातले घातले की कान खाजतात का, चिघळतात का ते विचारा. तसं होत असेल तर निकेल सोसत नाही म्हणायचं. मग स्वस्तातलं मुलाम्याचं ब्रेसलेट अजिबात नको, वरचा सोनेरी मुलामा मनगटावर घासून दोन-चार महिन्यात जातो, खाली निकेल असतं, आणि घामाबरोबर ते कातडीला लागतं, लाल पट्टा उठतो. टायटॅनियम चांगलं, हलकं पण असतं. स्टील घ्यायचं तर ३१६एल लिहिलेलं बघा, निकेल त्यात पण असतं पण धातूत बांधलेलं असतं, बाहेर फार येत नाही.

आतली चुंबकं बहुतेक निओडायमियमची, बारकी गोल चकती. ती मुळात लगेच गंजणारी आणि ठिसूळ जात, म्हणून वरून निकेल-तांबं-निकेल असा थर दिलेला असतो. थराला कुठं टवका गेला की आत पाणी शिरतं आणि चकती फुगून भुगा होते. ब्रेसलेट उलटं करून बघा, चकत्या नुसत्या गोंदानं चिकटवल्या असतील तर नको, कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं गोंद सुटतो. कडीतच बसवून वरून बंद केलेल्या बघा. आणि तुम्ही म्हणता घरात दोन वर्षांचं लेकरू, तर हे फार महत्त्वाचं आहे, सुटलेली चकती तोंडात गेली तर एक कदाचित बाहेर येईल पण दोन गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांत एकमेकींना चिकटतात आणि मधलं आतडं भोक पडेपर्यंत दाबलं जातं. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाय, सरळ हॉस्पिटल.

काळे मणी जे हेमॅटाइट म्हणून देतात ते खरं हेमॅटाइट नसतं, खरा दगड चुंबक बनून राहत नाही. ते फेराइट असतं, स्पीकरच्या मागं असतं ना काळं, त्या जातीचं. दिसायला छान, पण काकू म्हणतात तसं पडलं की फुटतं.

सांभाळायचं म्हणाल तर आंघोळ, भांडी, धुणं याआधी काढायचं, सेंट-पावडर आधी मारून मग घालायचं. पुसायला नुसतं ओलं मऊ फडकं, मग कोरडं. लिंबू, चिंच, पितांबरी मुलाम्याच्या किंवा चुंबकाच्या वस्तूला लावायची नाय, एका घासण्यात मुलामा जातो. गरम पाण्यात उकळायचं नाय, ही साधी निओडायमियम चुंबकं ८० डिग्रीच्या वर गेली की ताकद कायमची घालवतात. बागेतली माती, मोटरीजवळचा लोखंडाचा बुरादा कड्यांत जाऊन बसतो आणि बोटानं निघत नाही, चिकटपट्टी दाबून उचलायची, एका दमात येतो. ठेवायचं वेगळ्या कापडी पिशवीत, सोन्याच्या डब्यात नको, ओरखडे पडतात.

माप घेताना मनगटाला दोरा गुंडाळून अर्धा इंच जास्त धरायचं, एक बोट आत गेलं पाहिजे. संध्याकाळी घ्या माप, तेव्हा हात थोडा सुजलेला असतो.

साताऱ्याची काकू

घड्याळाचं राहिलं. आमच्या ह्यांचं चावीचं एचएमटी मी रात्री ब्रेसलेटशेजारी ठेवायची, ते दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढं जायला लागलं. राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, चुंबकाजवळ ठेवता का म्हणून. आतली केसासारखी स्प्रिंग मॅग्नेट होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळतं. त्यानं एका यंत्रावरून फिरवून दोन मिनिटांत नीट करून दिलं.

आणि फिजिओदादा, तुमचं वाचून मी पण विचारात पडले खरं. माझं मनगट कमी दुखतं ते ब्रेसलेटनं की त्याच सुमारास धुण्याचं मशीन घेतलं म्हणून, आता सांगता येत नाही मला.

विश्रामबागची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पेसमेकरचं वाचलं आणि हातपाय गार पडले, कारण बाबांना उठवताना आई खरंच त्यांना छातीशी धरूनच उठवते. लगेच फोन करून कार्ड बघायला लावलं, साधा पेसमेकर आहे, आयसीडी नाही. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हॉस्पिटलमध्ये पण विचारलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अंतर पाळलं तर चालतं पण रात्रंदिवस जवळ राहणाऱ्या माणसाच्या हातात नसलेलंच बरं. म्हणजे चुंबकाचं रद्द.

आता आईला काय सांगू हा प्रश्न होता. गेल्या रविवारी गावी गेले, क्यूसीदादांनी सांगितलं तसं अंगणात तिला एका पायावर उभं केलं, हात दाबला, मग केसाचं रबर मनगटात घालून परत केलं. ढिम्म हलली नाही. थोडा वेळ रबराकडं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मीच उभी राहिले व्हय?" मी म्हटलं, हो आई, तूच उभी राहिलीस.

पण हातात काहीतरी घालायची हौस तिची आहेच आणि ती पुरवायचीय मला. तिला ते स्टीलचं नव्हतंच आवडलं, तिला तांब्याचं कडं पाहिजे, आजीच्या हातात होतं तसं. गलाईवाले दादा, साधं तांब्याचं, चुंबक नसलेलं घेतलं तर त्याचं कसं? बागेत गंधक मारतात.

विटा गलाईवाला

भरीव तांब्याचं घ्या, वजन करून घ्या, वरून लॅकर किंवा मुलामा नको. टोकं उघडी असलेलं घेतलं तर मनगटाप्रमाणं थोडं दाबता-फाकवता येतं, पण सारखं वाकवलं तर मधून मोडतं, एकदाच बसवून घ्यायचं. कातडीवर हिरवट डाग पडतो, घामानं तांब्याचे क्षार होतात त्याचा, तो साबणानं जातो, घाबरायचं नाय. गंधक मारलं की काळं पडणारच, तांबं आणि चांदी दोन्हीला गंधकाचं वावडं. फवारणीच्या दिवशी घरात काढून ठेवा. काळं पडलंच तर याला मात्र चिंच-मीठ चालतं, चोळायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं, लगेच पुसायचं, ओलं ठेवलं तर परत डाग धरतं. दुखण्यावर चालेल म्हणून सांगत नाय मी, हातात मात्र शोभेल.

मिरज फिजिओ

चुंबक नाही म्हणजे बाबांची काळजी मिटली. फक्त एक, मनगटावर घट्ट बसवू नका, सूज येते त्या दिवशी रुतेल. आणि ज्या मनगटाला दुखतंय त्या हाताला विरळणीची कात्री किती वेळ असते ते बघा. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हात मोकळा सोडायचा, मूठ उघडायची-मिटायची. कात्रीची स्प्रिंग कडक असेल तर बदलून घ्या, मनगटाचं निम्मं दुखणं तिथं असतं. व्यायाम चालू झाला का?

विश्रामबागची लेक

झाला. रात्री साडेसातच्या सिरीयलला दोन्ही पाय दहा-दहा वेळा, बाबा मोठ्यानं आकडे मोजतात. आज बारावा दिवस. कात्री बघितली, स्प्रिंग इतकी कडक आहे की माझीच बोटं दुखली, उद्या तासगावातून नवीन आणतीय.